पिकअपला मोठ्या गाडीचे ब्रेक बसवताय? या चुका टाळा

“मोठ्या टेंपोचे कॅलिपर भंगारात मिळालेत मेस्त्री, तेच टाका की ओ.” कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून धरणारा चिमटा. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की ही मागणी ठरलेली. १,३०० किलो पासिंगच्या पिकअपमध्ये ५० किलोच्या २६ गोण्या भरायच्या असतात, भरतात ४०. मग धाराशिवकडून येताना तुळजापूरचा घाट उतरला की पेडल खाली जातं आणि दोष ब्रेकच्या आकाराला लागतो. गोण्या कमी करा म्हटलं तर कुणी ऐकत नाही. तेव्हा बसवायचेच असतील तर निदान नीट बसवा.

मोठा पिस्टन म्हणजे मोठा ब्रेक नव्हे

ही सगळ्यात जुनी चूक. समजा मूळ कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा आहे आणि भंगारातला ६० मिमीचा. क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे पुढच्या चाकांना तेवढंच ऑइल जास्त लागणार. पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, १५/१६ इंची. पेडल निम्म्याखाली जातं, आणि घाईतला माणूस म्हणतो “एअर राहिलीय”. चार वेळा एअर काढतात, दोन बाटल्या ऑइल संपतं, पेडल तिथंच.

मग कुणीतरी १ इंची मास्टर टाकतं. पेडल वर येतं, कडक लागतं, मालक खूश. पण आता हिशेब करा. मास्टरचं क्षेत्रफळ साधारण १४ टक्के वाढलं, म्हणजे त्याच पायाच्या जोराला दाब १२ टक्के घटला. पुढे पिस्टनमुळे मिळालेले २३ टक्के त्यातून वजा झाले की उरते जेमतेम ८ टक्के वाढ. मागे तर काहीच बदललेलं नाही, त्यामुळे तिथे सरळ १२ टक्के तोटा. भरलेल्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या एक्सलवर असताना हा सौदा कुणी कशाला करावा?

खरा फायदा डिस्कमध्ये असतो. डिस्कचा व्यास वाढला की ब्रेकची पकड चाकाच्या मध्यापासून लांब जाते. त्याला ना जास्त ऑइल लागतं, ना मास्टर बदलावा लागतो. शिवाय जाड, हवा खेळणारी डिस्क उष्णता पोटात घेते. २,८०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा ६० च्या वेगावरून सात वेळा थांबण्याइतकी उष्णता तयार होते. इंजिनचा गियर जेवढी उचलेल तेवढी सोडून बाकी सगळी ब्रेकवर येते. म्हणून भंगारात आधी डिस्क शोधा आणि मूळच्याच मापाचा पिस्टन असलेला कॅलिपर मिळतोय का ते बघा. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. व्हर्नियर लावून त्या मापाला टेकलेली निघाली तर ती भंगारातच राहू द्या.

पुशरॉडचा अर्धा मिलिमीटर

बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा मास्टर बदलला की दोघांमधल्या पुशरॉडकडे बघायचं असतं, हे दहातल्या नऊ जणांच्या गावी नसतं. अशी गाडी कशी येते ते ऐका. मोठा मास्टर बसवला, अंगणात चाकं हातानं मोकळी फिरली, ट्रायल झकास. भरून निघाली, वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडी ओढेना, पुढच्या चाकांतून जळका वास, रिमला हात लावता येईना. ड्रायव्हर टपरीवर चहा प्यायला, तासाभरानं बघतो तर चाकं मोकळी. गॅरेजला आणली, काहीच सापडलं नाही. मग कॅलिपरचं किट बदललं, नंतर अख्खा कॅलिपर, नंतर पॅड. चौथ्या फेरीलाही गाडी जामच.

कारण एवढंच की रॉड किंचित लांब होता. पाय सोडल्यावरही तो मास्टरचा पिस्टन अर्धा-पाऊण मिमी पुढे दाबून धरतो. त्यामुळे ऑइल डब्यात परत जायचं बारीक भोक रबरानं झाकलं जातं. ऑइल तापून फुगतं, पण त्याला परत जायला वाट नसते. दाब वाढतो, पॅड घासतात, ऑइल आणखी तापतं. गार झालं की सगळं पूर्ववत, म्हणून गॅरेजात दोष दिसत नाही.

तपासणी गाडी गरम आणि जाम असतानाच करायची. चाकांना दगड लावा. मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट सैल करून मास्टर २-३ मिमी पुढे ओढा. चाकं सुटली तर दोष रॉडचा. नाही सुटली तर मास्टरवरचा पाईपनट सैल करा; आता सुटली तर दोष मास्टरच्या आत. तरीही नाही तर कॅलिपरचा एअर काढायचा निप्पल उघडा. तेव्हा सुटलं तर होज, म्हणजे कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी, आतून फुगून बंद झालाय, आणि तरीही अडकलं तर मग कॅलिपरला शिव्या द्या. पाईप-निप्पल उघडताना चष्मा घाला, गरम ऑइल उडतं.

दुरुस्तीचा खर्च शून्य. रॉडच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची छोटी गोळी ठेवा, मास्टर पूर्ण आवळा, परत काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. मॅन्युअलमध्ये माप दिलं असेल तर तेच धरा. नसेल तर अर्धा ते एक मिमी फट ठेवा. गोळी पूर्ण चिरडली असेल तर रॉडचा स्क्रू आत घ्या. वॉशर टाकून मास्टर पुढे सरकवणारे महाभाग आहेत. त्यांच्याकडून गाडी घेऊ नका.

पाटा वाढवला, व्हॉल्व्ह विसरला

मागच्या एक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बॉडी किती खाली बसली यावरून मागचा दाब ठरवतो. मागच्या स्प्रिंगला जादा पाटे टाकले की भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक उपाशी ठेवतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर जातो, त्या तापतात, आणि मग मालक पुढे मोठे ब्रेक मागायला येतो. म्हणून आधी पाटे मोजा आणि व्हॉल्व्हच्या रॉडची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करा. रॉड तारेनं वर बांधून ठेवणं हा तोडगा नाही. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन ती रस्त्यावर आडवी होते.

बाकीच्या चुका थोडक्यात

डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निप्पल खाली येतो आणि एअर जन्मात निघत नाही. निप्पल वरच हवा.

पाईपनटचा १० मिमीचा बारीक आटा आणि ३/८ इंची आटा दोन-तीन फेरे एकमेकांत बसतात, मग आटे खातात. हातानं शेवटपर्यंत गेला नाही तर पाना लावू नका. पाईपच्या तोंडाची फ्लेअरही (पसरवलेली कड) दोन तऱ्हेची असते, एकीवर दुसरी गळणारच. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

डॉट ३ किंवा डॉट ४ च वापरा. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ ला उकळू शकतं. गिअर ऑइल किंवा डिझेलचा थेंबही सगळी रबरं फुगवतो. तसं झालं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळं रबर बदलावं लागतं.

रिम कॅलिपरला लागतंय म्हणून कॅलिपर ग्राइंडरनं घासू नका. स्टेपनीचं रिमही बसवून बघा. हे पंक्चर झाल्यावरच आठवतं.

वेल्डिंग केलेला कॅलिपर ब्रॅकेट नको. यावर चर्चा नाही.

एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला हात लावू नका.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नव्या पॅडवर लगेच माल भरू नका. रिकामी गाडी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा हळू करा, पूर्ण थांबवू नका, आणि मग न थांबता पाच किलोमीटर चालवून गार करा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज बघा. त्यावर टायरच्या घासण्याचा चकचकीत पट्टा दिसला तर त्याच दिवशी होज धरणारी क्लिप बदला. एप्रिल-मेच्या उन्हात मऊ झालेला होज फार दिवस तग धरत नाही.