'शुड' अडलं की 'हवं' आठवा
'वुई शुड पे द रेंट ऑन टाइम': भाडं वेळेवर भरायला हवं. हे कर्तव्य. 'यू शुड सी अ डॉक्टर': तू डॉक्टरांना दाखवायला हवं. हा सल्ला. 'द ट्रेन शुड बी ॲट ठाणे बाय नाऊ': गाडी एव्हाना ठाण्याला पोचलेली असायला हवी. हा अंदाज. तिन्हीकडे आपलं 'हवं' चालतं.

गोची होते ती अंदाजात. जे व्हावंसं वाटतं, त्यालाच 'शुड' शोभतं. सहलीला निघालेला 'इट शुड रेन टुमॉरो' म्हणाला तर ऐकणारा चक्रावेल. मृगाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी तेच वाक्य चपखल बसतं. नको असलेल्या गोष्टीला 'माइट' किंवा 'विल प्रॉबब्ली' वापरा.

पुढचं क्रियापद मूळ रूपातच: 'ही शुड गो'. 'गोज' नाही, 'टू गो' तर नाहीच.

आणि साहेबांना मेलमध्ये 'यू शुड साइन धिस' लिहू नका, दरडावल्यासारखं वाटतं. 'कुड यू प्लीज साइन धिस' बरं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी ते लिहून बसलो होतो. लिहायला नको होतं. इंग्रजीत, 'आय शुडन्ट हॅव रिटन दॅट'.