घरातली लायसनची बंदूक ठाण्यात जमा कशी करायची

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कोर्टासमोर मी 22 वर्षं अर्ज लिहून देते. एकदा एक बाई समोर बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "अक्का, मारत नाही वो तो. जेवायला बसला की बंदूक मांडीवर घेऊन बसतोय."

रानडुकरं हाकलायला सासऱ्यांनी घेतलेली ठासणीची बंदूक. लायसन पुढं नवऱ्याच्या नावावर झालेलं. अंगावर एक वळ नाही, म्हणून तक्रार कशाची द्यायची हेच तिला कळत नव्हतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात जिवाची धास्ती घालणं हीसुद्धा हिंसाच आहे, हे तिला सांगायला मला अर्धा तास लागला.

आधी काय करायचं नाही ते ऐका. बंदूक पोत्यात गुंडाळून पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला भावाकडं पोचवायचा तिचा बेत होता. असलं काही करू नका. लायसन नवऱ्याचं, भावाचं नव्हे. विनापरवाना हत्यार सापडलं तर भावालाच 2 ते 5 वर्षं शिक्षा होऊ शकते, आणि नवरा मोकळा.

बंदुकीला हात न लावता लायसनच्या पुस्तकाचे फोटो काढा. लायसन नंबर, बंदुकीचा नंबर, मुदत आणि कुणाच्या सहीनं दिलंय ते दिसलं पाहिजे. तालुक्यात जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, लायसन देतात. बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्त. अर्ज त्यांच्याच नावानं करायचा. शस्त्र कायद्याच्या 17 व्या कलमाखाली ते लायसन स्थगित किंवा रद्द करू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून. म्हणून कारण तुम्ही पुरवायचं. "नवरा त्रास देतो" एवढ्यानं काही होत नाही. नुसती केस चालू आहे म्हणून लायसन काढता येणार नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं कितीदा तरी म्हटलंय. तारीख, वेळ, बंदूक कुठं होती, तोंडातून काय शब्द निघाले, कुणी ऐकलं, असं लिहा. त्या बाईच्या अर्जात आम्ही भाकरी वाढतानाचा प्रसंग जसाच्या तसा घातला.

भाषेचं म्हणाल तर घटनेच्या 350 व्या कलमानं मराठीत गाऱ्हाणं देण्याचा हक्क आहेच. पण जिवाची घाई असताना टेबलावर भाषेचा वाद घालत बसू नका. वर कानडी प्रत, खाली मराठी, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दुसरा अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाच्या आदेशासाठी. माहेरी राहायला गेला असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. म्हणजे चंदगडला गेलेली बाई तिथंच, मराठीत अर्ज करू शकते, आणि तो आदेश खानापुरातही लागू होतो. मागण्यांमध्ये एक ओळ हमखास विसरली जाते. याच कायद्याच्या 2006 च्या नियमांतल्या 10 व्या नियमाप्रमाणं मॅजिस्ट्रेटनं लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीनं हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करू शकतो. ती मागणी स्पष्ट लिहा. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, 15100 या हेल्पलाइनवर विचारा. आणि आज रात्रीचीच भीती असेल तर अर्जबिर्ज राहू दे, 112 लावा.

आता माझी लाडकी वाट: एकशे सात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107. नव्या कायद्यात ते कलम 126 झालंय, पण ठाण्यात अजून एकशे सातच म्हणतात. नवऱ्याला शांतता राखण्याचा बाँड, म्हणजे लेखी हमी, लिहून द्यायचा आदेश झाला, की शस्त्र कायद्याच्या 9 व्या कलमानं त्या बाँडच्या मुदतीत त्याला बंदूक जवळ ठेवताच येत नाही. दोषी ठरेपर्यंत थांबायची गरज नाही.

दोषी ठरल्यावरही एक मेख आहे. मारहाणीसारख्या गुन्ह्यात कैद झाली तर शिक्षा संपल्यावर आणखी 5 वर्षं बंदूक बंद. पण नुसता दंड झाला किंवा पंचांनी बसवून केस मिटवली, तर ही बंदी लागतच नाही. अमेरिकेत 1996 पासून बायकोला मारल्याचा किरकोळ गुन्हा सिद्ध झाला तरी बंदूक जाते. आपल्याकडं समेटाच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी बंदुकीचं काय ते विचारा.

साहेब लोक म्हणतात, शेतकऱ्याची बंदूक कशी काढायची? इलेक्शन आलं की गावातल्या बंदुका ठाण्यात जमा होतातच की, तेव्हा डुकरं काय उपाशी राहतात?

त्या बाईच्या नवऱ्यानं शेवटी बंदूक ठाण्यात दिली. पावती त्याच्या नावाची, पण फोटो तिच्या फोनमध्ये आहे, आणि बाँडची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय. संपायच्या महिनाभर आधी पुन्हा या, असं सांगितलंय. यंदा डुकरांनी रताळ्याचे दोन वाफे उकरले, त्याचा बोल तिलाच लागतोय. रात्री दीर डबे बडवतो म्हणे.