संभाव्यतेत ‘किंवा’ आलं की आधी छेदसंच शोधा

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या आठ चिठ्ठ्या करा आणि न बघता एक उचला. नमुना अवकाशात, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांच्या संचात, ८ घटक झाले.

घटना A: गोदावरीचा काठ लाभलेला जिल्हा निघणे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, नांदेड, म्हणजे ५.
घटना B: ज्योतिर्लिंग असलेला जिल्हा निघणे. वेरूळचं संभाजीनगर, परळीचं बीड, औंढ्याचं हिंगोली, म्हणजे ३.

आता ‘A किंवा B’ ची संभाव्यता किती? बरीच मुलं ५ आणि ३ मिळवून ८/८ लिहितात. म्हणजे ही घटना हमखास घडणारच! पण लातूरची चिठ्ठी निघाली तर? तिथे गोदावरीही नाही, ज्योतिर्लिंगही नाही.

चूक कुठे झाली, ते वेन आकृती (प्रत्येक घटनेसाठी एक वर्तुळ, सामाईक घटक दोन्हींत) काढली की लगेच दिसतं. संभाजीनगर आणि बीड दोन्ही वर्तुळांत येतात (हाच छेदसंच), म्हणून ते दोनदा मोजले गेले. ते एकदा वजा करा: ५ + ३ − २ = ६. उत्तर ६/८, म्हणजे ३/४.

‘चहा घेता का कॉफी?’ असं कुणी विचारलं तर आपण एकच सांगतो. गणितातल्या ‘किंवा’त मात्र दोन्ही असलेलेही धरतात. माझ्या मते बहुतेकांचा गोंधळ सूत्रात नसतो, या शब्दात असतो.

पडताळा पूरक घटनेने, म्हणजे A आणि B दोन्ही न घडण्याने, घ्या. उरले लातूर आणि धाराशिव, २/८. १ मधून १/४ गेले की ३/४ उरतात.