सायकलची हवा आदल्या संध्याकाळीच भरा

रविवारी पहाटे गंगापूर धरणाकडे निघायचं आणि ऐनवेळी मागचं चाक बसलेलं. त्या वेळी पंक्चरवाल्याचं दुकानही उघडं नसतं. म्हणून हवा शनिवारी संध्याकाळीच भरा. बारीक गळती असेल तर रात्रीतच कळते.

१. टायरच्या कडेवर छापलेल्या पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मर्यादेत हवा भरा.
२. व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर गळती तिथेच आहे. साध्या सायकलीत व्हॉल्व्हची रबरी नळी बदलली की काम होतं.
३. झोपण्यापूर्वी चाक अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागलं तर ट्यूब काढून बादलीत बुडवा, भोक सापडेल.

ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून तपासाच. बऱ्याचदा बाभळीचा काटा निघतो. बाहेरून मोडलेला, आत तांदळाच्या कणीएवढं टोक. ते राहिलं तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. जुन्या बनियनचा तुकडा आतून गोल फिरवा, धागा अडकेल तिथे काटा. चिमट्याने उपटा. बोट थेट फिरवू नका, काच असली तर कापेल.