बीपीच्या गोळीने पाय सुजले? या चुका टाळा

चप्पल काढून पाऊल पुढे करायचं आणि "बघा हो, केवढं सुजलंय! ही गोळी बंदच करते," म्हणायचं. माझ्या मेडिकलच्या काउंटरवर असं कुणी ना कुणी येतंच. स्ट्रिप बघावी तर बहुतेकदा अॅम्लोडिपिन, आणि डोस नुकताच ५ चा १० मिलिग्रॅम झालेला.

शेजारच्या एका मावशींनी खरंच बंद केली. दोन दिवसांनी बीपी मोजलं तर वरचं १३४. "बघ, गोळीविना नॉर्मल!" मी म्हटलं, मावशी, ही गोळी रक्तातून निम्मी उतरायलाच ३० ते ५० तास घेते, अजून तीच काम करतेय. ऐकतंय कोण! आठव्या दिवशी डोकं धरून आल्या, १९०/११०. सूज तेवढी उतरली होती. डॉक्टरांनी परत ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. पाय आता ठीक आहेत. हे पहिल्याच दिवशी एका फोनवर झालं असतं.

दुसरे महाभाग लघवीची गोळी मागतात, तीही चिठ्ठीशिवाय. "पाणी साचलंय ना?" अहो, अंगात पाणी वाढलेलं नसतं. अॅम्लोडिपिनने बारीक धमन्या सैल होतात, शिरा तेवढ्या होत नाहीत. मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी घोट्याशी झिरपतं. लघवीच्या गोळीने ते फारसं हलत नाही, पोटॅशियम मात्र उतरतं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मग त्यावर तिसरी गोळी. मी देत नाही; लोक पुढच्या दुकानात जातात.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने सूज आणि बीपी दोन्ही वाढतात. क्रेप बँडेज करकचून आवळू नका. मीठ कमी करा, बीपीसाठी चांगलंच. एवढ्याने घोटे उतरतील ही आशा नको.

मी सगळ्यांना एकच काम देतो: सकाळी उठल्यावर आणि रात्री नडगीवर अंगठा दाबून दहा आकडे मोजा, खड्डा पडला तर कॅलेंडरवर फुली. डोस कधी वाढला तेही तिथेच लिहा आणि कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा.

एकच पाय सुजून दुखत असेल, लाल, गरम झाला असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा सकाळी चेहरा सुजत असेल, तर गोळीला दोष देत बसू नका. माझ्याकडेही येऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ-जीभ सुजली तर तत्काळ.