जुना की नवा छोटा ट्रॅक्टर? आधी टेप लावा

शिरोळकडच्या काळ्या, चिकट रानात उसाच्या भरणीसाठी (बुडाला माती चढवण्यासाठी) छोटा ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीच्या आकड्याआधी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर टेपने मोजावे आणि ते आणि रोटाव्हेटरची (माती भुसभुशीत करणाऱ्या मागच्या अवजाराची) रुंदी, दोन्ही साडेचार फुटांच्या सरीत उसाला न घासता बसतात का, हे पाहावे.

माझ्या जुन्या ट्रॅक्टरला फक्त मागच्या चाकांची ओढ आणि कोरडे ब्रेक आहेत. पाणी दिल्यानंतर चार दिवसांनीही तो चिखलात जागीच फिरतो आणि ब्रेकमध्ये ओल गेली की पाय दाबूनही लवकर थांबत नाही. नव्याला चारही चाकांची ओढ, तेलात बुडालेले ब्रेक आणि पॉवर स्टीअरिंग असल्याने बांधावर वळताना खांदे भरून येत नाहीत. मात्र त्याच्या पुढच्या आसाला पाचट गुंडाळले की सील कापते, म्हणून रोज संध्याकाळी विळ्याने ते काढावेच लागते. जुन्याची दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये होते, ही त्याची खरी जमेची बाजू.

जुना घेणार असाल, तर सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करावे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन दोष लपवते. नंतर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे. तो झपाट्याने खाली आला, तर हायड्रॉलिकमध्ये (तेलाच्या दाबाने अवजार उचलणाऱ्या यंत्रणेत) गळती आहे असे समजून किंमत पाडावी.