जुन्या अलॉय व्हीलला पावडर कोटिंग

जुन्या बाजारात पल्सरचं अलॉय घेताना रंग बघू नका, चाक फिरवून बघा. तडा गेलेलं असेल तर फुकटसुद्धा नको. कोटिंगखाली तडा झाकतो, बुजत नाही.

टायर, व्हॉल्व्ह, बेअरिंग, ऑइल सील सगळं काढा. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पावडर मारून चाक भट्टीत भाजतात, आणि तिथे १८०-२०० अंशांना रबर टिकत नाही. जुना रंग काढायचं ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने कणांचा मारा, बारीक ग्रिटनेच (कणांनीच) करायला सांगा, अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. बेअरिंगची बैठक, डिस्क टेकते ती जागा आणि आटे यांवर उष्णता सोसणारी टेप लावा. तिथे पावडर चढली की बेअरिंग बसत नाही. हे काम मी कोटिंगवाल्याच्या पोरावर कधीच सोडत नाही.

ओतीव अलॉयच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. पावडर मारण्याआधी चाक एकदा कोरंच तापवायला लावा, नाहीतर फोड येतात.

रंग? मॅट काळा. सोनेरीचं तुमचं तुम्ही बघा. बेअरिंग मात्र नवीनच टाका.